गुरू म्हणजे ‘नुसता वायूचा गोळा’? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गुरू ग्रहाबद्दलचा एक संदेश गेली काही वर्षं या ना त्या रूपात फिरतो आहे. त्याचा गाभा असा: “गुरू हा नुसता वायूचा गोळा आहे. त्याला जमीन नाही, त्यामुळे यान एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकेल. ढगांखाली हायड्रोजनचा अथांग समुद्र आहे. हा सगळा हायड्रोजन असल्यामुळे एक ठिणगी पडली तरी अख्खा ग्रह पेटेल. गुरू थोडक्यात तारा व्हायचा राहिला. तिथे हिऱ्यांचा पाऊस पडतो. त्याच्यावरचा लाल डाग हे ३५० वर्षं घोंघावणारं चक्रीवादळ असून येत्या वीस वर्षांत ते संपणार आहे. माणसाला तिथे राहायचंच झालं तर हेलियमच्या फुग्यांवर वसाहत तरंगती ठेवता येईल.”

यातलं एक वाक्य पूर्ण खरं आहे: गुरूला जमीन नाही. बाकीचा डोलारा त्या एका खऱ्या वाक्यावर उभा केलाय, म्हणूनच तो पटकन पटतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. गुरूवर उंची मोजायला समुद्रसपाटी नाही, त्यामुळे तिथे दाब हीच मोजपट्टी. पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो साधारण तेवढा दाब, म्हणजे १ बार, जिथे भरतो ती पातळी शून्य धरतात आणि तिथून वर किंवा खाली मोजतात. त्या पातळीला तापमान उणे १०८ अंश सेल्सिअस असतं. गुरूबद्दलचं कुठलंही विधान ‘किती बारवर?’ हे सांगितल्याशिवाय अपुरंच राहतं. या संदेशात तो आकडा एकदाही येत नाही.

“यान आरपार जाईल”

हा प्रयोग झालेला आहे. नासाच्या गॅलिलिओ मोहिमेने पाठवलेली ३३९ किलोची एक कुपी (मोजमापं करणारं छोटं यान) ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या वातावरणात पोचली. गुरूच्या ओढीमुळे ती सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने आत शिरली. ‘नुसत्या वायू’ने तिचं काय केलं ते पाहा. दोन मिनिटांच्या आत तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली आला. त्या ब्रेकचा धक्का पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे २३० पट होता, म्हणजे एक किलोचा भाग तेवढ्या काळापुरता २३० किलोचा झाल्यासारखा. समोरच्या उष्णतारोधक कवचाचं वजन १५२ किलो होतं. त्यातलं सुमारे ८० किलो त्या दोन मिनिटांत जळून, झिजून उडून गेलं.

पॅराशूट ठरल्यापेक्षा ५३ सेकंद उशिरा उघडलं, कारण ते उघडणाऱ्या यंत्रणेच्या वायरिंगमध्ये गफलत होती. त्यामुळे अगदी वरच्या थरातली काही मोजमापं हुकली. पुढची मात्र नीट मिळाली. कुपी ५८ मिनिटांच्या आसपास माहिती पाठवत होती. शेवटचे आकडे आले तेव्हा बाहेर सुमारे २२ बार दाब होता आणि तापमान १५३ अंशांपर्यंत चढलं होतं. आतली इलेक्ट्रॉनिक्स तापली आणि संपर्क तुटला.

आता तिने कापलेलं अंतर बघा. १ बारच्या पातळीपासून ती सुमारे १३० किलोमीटर खाली गेली होती. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर आहे. म्हणजे केंद्रापर्यंतच्या वाटेचा जेमतेम ०.२ टक्का भाग पार पडला होता. आरपार जाण्याच्या गोष्टीला या मोजमापात जागाच उरत नाही.

पुढे काय झालं असेल? गुरूचा वायू जसजसा खाली दाबला जातो तसतसा तो तापतो. सायकलच्या पंपाचं टोक गरम होतं तोच हा प्रकार, फक्त प्रचंड प्रमाणावर. ढगांच्या भागात हा चढ दर किलोमीटरला साधारण २ अंश असतो. ढोबळ हिशोब करायचा तर दाब दहापट झाला की निरपेक्ष तापमान (उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरून केल्विनमध्ये मोजलेलं) जवळपास दुप्पट होतं. १ बारला १६५ केल्विन, १० बारला ३३० केल्विन, १००० बारला सुमारे १३०० केल्विन. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे काहीशे बारवर त्याचा निकाल लागतो. टायटॅनियम त्याहून चिवट आहे, पण काही हजार बारपर्यंत तेही वितळतं. मग ते थेंब उकळतात आणि त्यांची वाफ हायड्रोजनमध्ये मिसळून जाते. कुपी कशावर आदळली नाही, चेपून तिचा चेंडूही झाला नाही. ती गुरूत विरघळली. आणि हे सगळं वरच्या एक-दोन टक्के खोलीत आटपलं. केंद्राजवळ तापमान २०,००० अंशांच्या घरात आणि दाब कोट्यवधी बारमध्ये असेल असा अंदाज आहे.

‘वायू’ हा शब्द इथे दोन्ही बाजूंनी फसवतो. १ बारच्या पातळीला गुरूची हवा इतकी हलकी आहे की एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १७० ग्रॅम भरतं. पृथ्वीवर समुद्रसपाटीला ते १२०० ग्रॅम असतं. कुपीने शेवटचा आकडा पाठवला तेव्हा बाहेरचा दाब बावीसपट होता, तरी घनता आपल्या हवेपेक्षा थोडीशीच जास्त होती. म्हणजे वरच्या थरात ‘वायू’ म्हणणं अगदी बरोबर आहे. मात्र तिथला अनुभव धरून सत्तर हजार किलोमीटर खोलीबद्दल बोलणं चूक आहे. आपल्याला दिसणारा ढगांचा थर फार तर ७० किलोमीटर जाडीचा. एक मीटर व्यासाचा गोळा घेतला तर हा थर अर्ध्या मिलिमीटरचा होईल.

“ढगांखाली हायड्रोजनचा समुद्र आहे”

हा दावा पुष्कळ आकृत्यांमध्येही दिसतो: वर ढग, खाली निळसर पृष्ठभाग, त्यावर लाटा. असा पृष्ठभाग गुरूवर कुठेच नाही, आणि याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडतं.

द्रव आणि त्याच्यावरचा वायू यांच्यात स्पष्ट सीमारेषा दिसण्यासाठी तापमान त्या पदार्थाच्या क्रांतिक तापमानाखाली असावं लागतं. त्याच्या वर कितीही दाबलं तरी वायू घट्ट होत जातो, पण ‘इथवर वायू, इथून द्रव’ अशी रेघ उमटत नाही. हायड्रोजनचं क्रांतिक तापमान ३३ केल्विन आहे, म्हणजे उणे २४० अंश. गुरूच्या वातावरणातला सर्वांत थंड थरसुद्धा १०० केल्विनच्या वर आहे. त्यामुळे खाली जाताना हायड्रोजन विरळ वायूपासून द्रवासारख्या दाट अवस्थेपर्यंत सलग बदलत जातो, मध्ये कुठेही पाण्याच्या तळ्यासारखा काठ लागत नाही. शास्त्रीय लिखाणात ‘द्रव हायड्रोजन’ म्हणतात ते घनतेच्या अर्थाने. तो शब्द वापरायला हरकत नाही, त्यावर लाटा काढू नयेत.

त्याही खाली, दाब दहा लाख बारच्या पुढे गेला की इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंपासून सुटतात आणि हायड्रोजन धातूसारखा वीज वाहू लागतो. याचं भाकीत विग्नर आणि हंटिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३५ साली केलं होतं. अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत १९९६ मध्ये आघाततरंगाने दाबलेल्या हायड्रोजनमध्ये सुमारे १४ लाख बारला तशी वाहकता मोजली गेली. गुरूचं बलाढ्य चुंबकीय क्षेत्र याच थरातल्या प्रवाहांमधून येतं. ज्याला संदेश ‘नुसता वायू’ म्हणतो, त्या ग्रहाचा बहुतेक ऐवज असा वीजवाहक, धातुरूप आहे.

“एक ठिणगी आणि सगळा ग्रह पेटेल”

या दाव्याने लहान मुलं खरोखर घाबरतात, म्हणून तो सावकाश सोडवायला हवा.

जळण्यासाठी इंधनाच्या जोडीला ऑक्सिजन लागतो. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाणी बनतं आणि त्यात उष्णता सुटते. गुरूच्या वातावरणात रेणूंच्या संख्येने साधारण ८६ टक्के हायड्रोजन, १३ टक्क्यांहून थोडा जास्त हेलियम आणि उरलेल्या अंशात मिथेन, अमोनिया, पाण्याची वाफ वगैरे आहे. मोकळा ऑक्सिजन नाही. जो होता तो केव्हाच हायड्रोजनशी जोडला जाऊन पाणी होऊन बसला आहे. थोडक्यात, जळण्याजोगं जे होतं ते आधीच जळून गेलं आहे.

उलटा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होतं. पृथ्वीवर गॅसच्या शेगडीतून इंधन येतं आणि ऑक्सिजन सभोवती असतो, म्हणून ज्योत शेगडीच्या तोंडाशी राहते. गुरूवर सभोवती इंधन आहे. तिथे ऑक्सिजनची टाकी नेऊन नळीतून ऑक्सिजन सोडला आणि ठिणगी दिली, तर ज्योत त्या नळीच्या तोंडाशी जळेल. टाकी रिकामी झाली की विझेल. शेजारचा हजारो किलोमीटर हायड्रोजन तसाच राहील.

ठिणग्यांचं म्हणाल तर तिथे त्यांची कमी नाही. गुरूवर विजा चमकतात हे १९७९ साली व्हॉयेजर १ या यानाने दाखवलं. गुरूच्या अभ्यासासाठी पाठवलेल्या जुनो यानाने पहिल्या आठ फेऱ्यांतच ३७७ विजांची नोंद केली. आणि जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे आठवडाभर गुरूवर आदळत होते. त्यातल्या ‘जी’ नावाच्या तुकड्याच्या स्फोटाची ऊर्जा साठ लाख मेगाटन टीएनटीइतकी असावी असा अंदाज होता. आगीचे लोळ ढगांच्या हजारो किलोमीटर वर उसळले, पृथ्वीएवढे काळे डाग पडले, काही महिन्यांत ते वाऱ्याने पसरून पुसट झाले. ग्रह पेटला नाही.

“थोडक्यात तारा व्हायचा राहिला”

‘थोडक्यात’ नाही. ड्यूटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, संमीलन क्रिया (अणुकेंद्रकं जुळून ऊर्जा सुटण्याची, ताऱ्यांत चालते ती) सुरू व्हायला गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमान लागतं, साध्या हायड्रोजनची सुरू होऊन खरा तारा बनायला ७५ ते ८० पट. सूर्यमालेतले बाकीचे सगळे ग्रह उचलून गुरूत ओतले तरी वस्तुमान १.४ पटच होईल. गुरू सूर्याकडून शोषतो त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतो, एवढं मात्र खरं. ती जन्माच्या वेळची उरलेली आणि ग्रह अजूनही हळूहळू आकसतो आहे त्यातून निघणारी उष्णता आहे. तिच्यात संमीलनाचा भाग नाही.

“हिऱ्यांचा पाऊस पडतो”

हे वाक्य सहसा कुठल्या ग्रहाबद्दल आहे तेच विसरलं जातं. हिऱ्यांची कल्पना मुख्यतः युरेनस आणि नेपच्यूनसाठी मांडली गेली, कारण त्यांच्यात मिथेनचं, म्हणजे कार्बनचं प्रमाण बरंच जास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत २०१७ साली पॉलिस्टायरीनवर लेझरचे आघात करून सुमारे १५ लाख बार दाब निर्माण केला, तेव्हा त्यात काही नॅनोमीटर आकाराचे हिरे तयार झाल्याचं दिसलं. तो प्रयोग सुंदर आहे, पण क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात झालेला आणि प्लास्टिकवर. गुरूत मिथेन जेमतेम ०.२ टक्के आहे. गुरू-शनीवर विजेमुळे काजळी होऊन तिचे हिरे पडतात, ही कल्पना २०१३ मध्ये मांडली गेली आणि तेव्हापासूनच वादात आहे. गुरूवरचा हिरा कुणी पाहिलेला नाही, मोजलेलाही नाही.

गंमत अशी की गुरूवरचा खरा पाऊस हिऱ्यांपेक्षा कितीतरी चमत्कारिक आहे आणि तो कुणी पुढे पाठवत नाही.

ढगांचे तीन थर मानले जातात. सर्वांत वर, अर्ध्या ते पाऊण बारच्या सुमारास, अमोनियाच्या बर्फकणांचे पांढरे ढग. त्याखाली दोनेक बारवर अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या संयोगातून बनणारे अमोनियम हायड्रोसल्फाइडचे. आणि पाच-सहा बारवर, जिथे तापमान शून्य अंशांच्या वर-खाली असतं, तिथे चक्क पाण्याचे ढग. संदेशांमधले ‘विषारी वायूंचे ढग’ हे वर्णन या खालच्या थराला लागू पडत नाही.

जुनोच्या कॅमेऱ्याने विजेचे काही झोत अपेक्षेपेक्षा फार वर टिपले, १.४ ते १.९ बारच्या पातळीवर. तिथे तापमान उणे ६६ अंशांच्याही खाली. पाणी द्रवरूपात असूच शकत नाही, आणि द्रव थेंब व बर्फकण एकमेकांवर घासले गेल्याशिवाय विद्युतभार वेगळे होत नाहीत. मग वीज कशी? २०२० मध्ये याचं उत्तर पुढे आलं. जोरदार वादळं पाण्याचे बर्फकण खालून उचलून या उंचीवर आणतात. तिथली अमोनियाची वाफ त्या बर्फावर बसते आणि गोठणविरोधी द्रावणासारखं काम करते. बर्फ वितळून दोन भाग पाणी आणि एक भाग अमोनिया असा द्रव बनतो. त्यावर पुन्हा बर्फाचं कवच चढतं, गारा मोठ्या होतात आणि खोल पडत जाऊन शेवटी खालच्या उष्णतेत बाष्प होतात.

यातून दुसरंही कोडं सुटायला मदत झाली. जुनोच्या मायक्रोवेव्ह मापकाला विषुववृत्ताचा पट्टा सोडला तर वीस-तीस बार खोलीपर्यंत अमोनिया अपेक्षेपेक्षा कमी आढळला होता. या गारा तो पाण्यासकट खाली वाहून नेत असाव्यात. गॅलिलिओच्या कुपीला हवा फार कोरडी लागली, त्याचंही कारण जागेत होतं: ती नेमकी ढग विरळ असलेल्या, खाली उतरणाऱ्या हवेच्या पट्ट्यात शिरली होती. एका ठिकाणी उतरून अख्ख्या ग्रहाचं हवामान ठरवता येत नाही, हे त्या वेळी नीटच कळलं.

“३५० वर्षांचं चक्रीवादळ, वीस वर्षांत संपणार”

यात तीन वेगळे दावे आहेत.

वय: खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६६५ पासून एक डाग पाहिला आणि तो १७१३ पर्यंत नोंदला गेला. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं डागाची नोंदच नाही. आजचा डाग १८३१ पासून ओळखता येतो आणि १८७८ पासून सलग पाहिला गेला आहे. जुन्या चित्रांमधली जागा आणि आकार ताडून २०२४ मध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की दोन्ही डाग बहुधा वेगळे आहेत. म्हणजे खात्रीचं वय १९० वर्षांहून थोडं अधिक. तेही वादळाच्या मानाने अफाटच.

जात: हे आवर्त (मध्यभागी कमी दाब असलेलं चक्रीवादळ) नव्हे, प्रत्यावर्त (मध्यभागी जास्त दाब असलेलं) आहे. भूगोलाच्या तासाला शिकलेल्या नियमाने स्वतःच तपासता येतं. डाग गुरूच्या दक्षिण गोलार्धात, साधारण २२ अंश अक्षांशावर आहे. दक्षिण गोलार्धात कमी दाबाची वादळं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. डागाच्या चलचित्रात ढग उलट दिशेने फिरताना दिसतात. मध्यभागी जास्त दाब आहे आणि उलटसुलट वाहणाऱ्या दोन वेगवान वाऱ्यांमध्ये तो चाकासारखा अडकला आहे. जमिनीवर येऊन मोडायला इथे जमीनच नाही. खोली मात्र अमर्याद नाही: जुनोने गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून ती ५०० किलोमीटरच्या आत असल्याचं दाखवलं. शेजारच्या पट्ट्यांचे वारे जवळपास ३००० किलोमीटर खोल जातात.

भविष्य: डाग आकसतो आहे, हे खरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे ४१,००० किलोमीटर होती, एप्रिल २०१७ मध्ये १६,३५० किलोमीटर. पण ही रेघ पट्टीने पुढे ओढून मृत्यूची तारीख काढता येत नाही. हबल अवकाश दुर्बिणीच्या २००९ ते २०२० च्या मोजमापांत डागाच्या बाहेरच्या कड्यातले वारे ८ टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळले. मरायला टेकलेल्या वादळाचं हे लक्षण म्हणता येत नाही.

“हेलियमच्या फुग्यांवर वसाहत”

फुगा तरंगतो तो आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो म्हणून. गुरूच्या हवेचं सरासरी रेणुभार २.३ आहे, हेलियमचं ४. हेलियमचा फुगा तिथे दगडासारखा खाली जाईल.

आकड्यांत बघू. १ बारच्या पातळीला १००० घनमीटरचा फुगा १६८ किलो हवा बाजूला सारतो. त्यात हेलियम भरला तर त्याचंच वजन २९२ किलो. शुद्ध हायड्रोजन भरला तर १४७ किलो, म्हणजे उचल मिळते फक्त २१ किलोची, आणि तीही कापड आणि दोऱ्या धरून. पृथ्वीवर तेवढाच हेलियमचा फुगा जवळपास एक टन उचलतो.

उरतो एकच मार्ग, गरम हवेचा फुगा. तिथलीच हवा आत घेऊन तिचं निरपेक्ष तापमान दुप्पट केलं, म्हणजे उणे १०८ वरून अधिक ५७ अंशांवर नेलं, तर १००० घनमीटरला ८४ किलो उचल मिळते. पण जाळायला ऑक्सिजन नाही, त्यामुळे बर्नर चालत नाही. सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सत्तावीसपट क्षीण आहे. म्हणजे उष्णता अणुइंधनातून द्यावी लागेल, रात्रंदिवस. ती आटली की फुगा थंड होत खाली सरकत जाईल, त्या कुपीच्याच वाटेने.